लिनशॉपिंगचा खुनी १६ वर्षांनी डीएनएवरून सापडला, म्हणजे नेमकं काय जुळलं?

तपासवेडा

स्वीडनमधल्या लिनशॉपिंगच्या दुहेरी खुनावर बेतलेली मालिका बघून झाली. मालिका चांगली आहे, पण तांत्रिक भाग दोन-चार वाक्यांत उरकलाय. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

मला कळलेलं एवढंच. १९ ऑक्टोबर २००४ च्या सकाळी ८ वर्षांचा मुलगा आणि ५६ वर्षांची बाई भर रस्त्यात भोसकून मारले गेले. खुनी सुरा आणि विणलेली टोपी टाकून पळाला, त्यामुळे त्याचा डीएनए सुरुवातीपासून पोलिसांकडे होता. ६,००० हून जास्त लोकांचे नमुने तपासले, एकही जुळला नाही. जून २०२० मध्ये डॅनियल न्युक्विस्ट हा ३७ वर्षांचा माणूस पकडला. त्याने कबुली दिली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कोर्टाने त्याला बंदिस्त मनोरुग्णालयात पाठवलं. पोलीस रेकॉर्डवर तो कधीच नव्हता.

आता प्रश्न. डीएनए हातात असून १६ वर्षं का लागली? त्याचा नमुना कुठल्याच नोंदीत नव्हता, मग जुळलं कशाशी? इतकी वर्षं नमुना टिकतो कसा? आणि आपल्याकडच्या २०-२२ वर्षं जुन्या फाइलीत हे जमेल का?

पिपेट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की २००४ मध्ये हातात होता तो डीएनएचा एक अगदी छोटा तुकडा.

नेहमीच्या पोलीस तपासात 'एसटीआर' बघतात. गुणसूत्रांवरच्या ठराविक जागी चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो, तो किती वेळा येतो ते मोजायचं. टीएच०१ नावाच्या जागेवर 'एएटीजी' कुणात ६ वेळा असतो, कुणात ९ वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. युरोपात अशा १५-१६ जागा बघतात. अमेरिकेत आधी १३ बघायचे, २०१७ पासून २०. म्हणजे माणसाची ओळख तीस-चाळीस आकड्यांत येते, यालाच 'प्रोफाइल' म्हणतात.

'हा तोच माणूस का?' हे ठरवायला एवढे आकडे पुरतात. 'हा कुणाचा कोण?' याला पुरत नाहीत. बाप, मुलगा, सख्खा भाऊ इथवर अंदाज येतो, त्यापलीकडचं नातं गोंगाटात बुडतं. म्हणून माणूस यादीत नसेल तर एसटीआर गप्प बसतो. ६,००० जणांची चाचणी फसली, कारण हा माणूस त्या ६,००० मध्ये नव्हता. यात प्रयोगशाळेची चूक काहीच नाही. कुणाला बोलवायचं हे तपास अधिकारी वय, पत्ता, वर्णन, खबर यावरून ठरवतात, आणि याच्यावर कुणाचा संशयच नव्हता.

नात्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या खुणा लागतात, 'एसएनपी'. एकेका अक्षराचा फरक, पण अशा जागा सहा-सात लाख. इथे खरी अडचण सुरू होते. एसटीआरला अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे शंभर-दीडशे पेशी. घरगुती वंशावळ चाचण्यांत जी चिप वापरतात तिला साधारण २०० नॅनोग्रॅम हवा, तोही धडधाकट, लांब साखळ्यांचा. जुन्या डागातला डीएनए थोडा असतो आणि तुटलेला असतो. वर त्यात जिवाणूंचा डीएनए मिसळलेला. चिपवर तो टाकला की निम्म्या जागा कोऱ्या येतात.

त्यामुळे लिनशॉपिंगमध्ये अख्ख्या जीनोमचं (पेशीतल्या सगळ्या डीएनएचं) सीक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरवाचन, करावं लागलं. त्यात तुकडे लहान असले तरी चालतं, कारण यंत्र वाचतंच मुळी दीडशेएक अक्षरांचे तुकडे. ते संगणकावर मानवी जीनोमच्या नकाशावर बसवायचे आणि त्यातून वंशावळ-संकेतस्थळांना लागणाऱ्या जागा वेचून त्यांच्या साच्याची फाइल बनवायची.

फाइल बनवताना दोन चुका हमखास होतात. एखादी जागा यंत्राने एक-दोनदाच वाचली, तर दोन वेगळ्या अक्षरांपैकी एकच दिसतं आणि दोन्ही सारखी असल्याची नोंद होते. मग खरा नातेवाईक असूनही जुळणारा पट्टा मध्येच तुटतो. उलट फार जागा कोऱ्या सोडल्या, तर जुळवणी करणारी प्रणाली कोऱ्या जागेला 'जुळलं' धरून चालते आणि नसलेले नातेवाईक उगवतात. फाइल कशी गाळायची हे ठरवण्यात सीक्वेन्सिंगपेक्षा जास्त डोकं लागतं.

खापरपणजोबा

पिपेट यांनी फाइलपर्यंत आणून सोडलंय, पुढचं मी घेतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जुळलं ते लांबच्या भाऊबंदांशी.

ती फाइल जीईडीमॅच आणि फॅमिलीट्रीडीएनए या दोन वंशावळ-संकेतस्थळांवर चढवली. लोक हौसेने स्वतःच्या चाचणीचे निकाल तिथे टाकतात, हरवलेले नातलग शोधायला. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी या घरगुती चाचणीच्या कंपन्यांचे साठे कितीतरी मोठे, पण पोलिसांना ते तिथे फाइल चढवू देत नाहीत.

निकाल येतो तो 'सेंटीमॉर्गन' या मापात, किती डीएनए सामाईक आहे ते सांगणारा. आजी-आजोबा एक असतील (सख्खे चुलत, मामे, आते, मावस) तर सरासरी ८७० च्या आसपास. पणजी-पणजोबा एक असतील तर २३०. खापरपणजोबांपाशी जुळत असेल तर ७०-७५, आणि आणखी एक पिढी मागे गेलं की ३५. ही सरासरी झाली, प्रत्यक्षात आकडा बराच खाली-वर होतो. खापरपणजोबा एक असलेल्या दहा जोड्यांतल्या एखाद्या जोडीत सामाईक असं काहीच सापडत नाही. त्याच्या पुढच्या पिढीत तर निम्म्या जोड्या कोऱ्या. ७ सेंटीमॉर्गनच्या खालच्या तुकड्यांकडे सहसा बघत नाहीत, ते योगायोगानेही जुळतात.

अशा प्रकरणांत हाती लागतात ते बहुतेक शंभरच्या आतबाहेरचे आकडे. एखाद्या आकड्याने खुनी कळत नाही. 'या परक्या माणसाचे आणि खुन्याचे खापरपणजोबा बहुधा एक' एवढंच कळतं. मग पेटर शोलुंड या वंशावळतज्ज्ञाने केलं ते काम: आधी वर चढायचं, मग खाली उतरायचं. जुळलेल्यांपैकी कोण आपसातही जुळतात ते बघून गट पाडायचे. प्रत्येक गटाची झाडं मागे नेत समान पूर्वज-जोडपं गाठायचं. मग त्या जोडप्याची सगळी पिलावळ आजपर्यंत खाली उतरवायची, म्हणजे मुलं, मुली, त्यांची मुलं, झाडून सगळे. आणि शोधायचं काय, तर एका गटातल्या जोडप्याच्या वंशजाचं दुसऱ्या गटातल्या जोडप्याच्या वंशजाशी लग्न कुठे लागलंय. खुन्याच्या अंगात दोन्हीकडचं रक्त आहे, त्यामुळे तो त्या लग्नाच्या खालीच कुठेतरी असणार. नंतर लिंग, वय, २००४ मधला पत्ता यांची चाळणी.

इथे शोध दोन सख्ख्या भावांवर येऊन थांबला. त्यापुढे झाड काही सांगू शकत नाही, भावांचे पूर्वज तेच! दोघांतला कोण हे जुन्या, साध्या एसटीआरनेच ठरलं. ताजा नमुना, टोपीवरच्या प्रोफाइलशी तुलना, जुळला. कोर्टात पुरावा म्हणून वजन याच जुळणीला. झाड म्हणजे फक्त दिशा.

हे स्वीडनमध्ये जमलं त्याला दोन कारणं. १६८६ च्या चर्च कायद्यापासून तिथले पाद्री गावागावातल्या घराघराची नोंद ठेवत आलेत, कोण जन्मलं, कुठल्या गावाहून आलं, कुठे गेलं. दुसरं, साधारण १८५० ते १९३० या काळात १२-१३ लाख स्वीडिश माणसं उत्तर अमेरिकेत गेली. त्यांचे खापरपणतू आज अमेरिकेत बसून हौसेने डीएनए चाचण्या करतात. स्वीडनमधल्या खुन्याचा माग अमेरिकेच्या वाटेने काढता येतो तो यामुळे.

अवांतर: स्वीडनमध्ये १९७५ पासून जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या टाचेच्या रक्ताचा ठिपका कागदावर सुकवून जपलेला असतो, आजारांच्या तपासणीसाठी. २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी संशयिताचा ठिपका तिथून मिळवला, त्यावर मोठा गदारोळ झाला. तो साठा तपासासाठी सरसकट धुंडाळायला कायद्याने मनाई आहे. वंशावळीच्या पद्धतीलाही तिथे पक्का कायदेशीर आधार नव्हता, लिनशॉपिंगनंतर ती बरीच वर्षं अडकून पडली. १ जुलै २०२५ पासून खून आणि गंभीर बलात्कारासाठी नव्या कायद्याने वाट मोकळी झाली.

तपासवेडा

दोघांचेही आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. 'ताजा नमुना' कसा घेतात? पकडून?

खापरपणजोबा

देशागणिक वेगळं. स्वीडनमध्ये संशयिताकडून रीतसर घेता येतो. कॅलिफोर्नियातल्या 'गोल्डन स्टेट किलर' प्रकरणात, ज्यामुळे ही पद्धत २०१८ मध्ये जगाला कळली, पोलिसांनी जोसेफ डिअँजेलोच्या गाडीच्या दाराची मूठ पुसून घेतली आणि नंतर त्याच्या कचऱ्यातला टिश्यू उचलला. टाकून दिलेल्या वस्तूवर हक्क नाही असा तिथला कायदा. मुठीवर बरेच हात लागलेले असतात, मिश्रण येतं. म्हणून दुसरा नमुना. २०२० मध्ये त्याने १३ खून कबूल केले.

मुद्देमाल_नोंदवही

तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही. नमुना टिकतो कसा? कोरडा राहिला तर टिकतो, ओला राहिला तर महिन्यात जातो. वय हा मुद्दाच नाही.

डीएनए मारतं ते पाणी. ओलाव्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात, ते साखळी खातात, उरलेली पाण्याने आपोआप तुटते. रक्ताने भिजलेला सदरा सावलीत पूर्ण वाळवून तपकिरी कागदाच्या पाकिटात ठेवला, तर तीस वर्षांनीही प्रोफाइल निघू शकतं. तोच सदरा ओला असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं, तर आठवड्याभरात आत काळी बुरशी. सील मात्र शाबूत! पंचनाम्यात सगळं यथासांग.

बाकीचे घोळ नेहमीचेच. मयताचे आणि आरोपीचे कपडे एकाच गाठोड्यात बांधले, की एकाचं रक्त दुसऱ्यावर गेलं म्हणून बचाव पक्ष उभा. पाकिटाला थुंकी लावून चिकटवलं, की चिकटवणाऱ्याचं प्रोफाइल हजर. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये घातलं, की डीएनए प्रथिनांशी गुंतून तुकडे होतात. मीठ घातलेला व्हिसेरा विषाच्या तपासणीसाठी असतो, डीएनएसाठी नव्हे. रक्त बाटलीत घ्यायचं तर ईडीटीएची जांभळ्या टोपणाची, किंवा सरळ कागदी कार्डावर ठिपका घेऊन वाळवायचा.

अशा जुन्या कापडातून डीएनए निघाला तरी पुढची पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याची) पायरी अडते ती रंगांमुळे. जीन्सची नीळ, मातीतलं ह्युमिक आम्ल आणि खुद्द रक्तातलं हिमॅटिन, तिन्ही प्रती काढणाऱ्या विकराला (एन्झाइमला) काम करू देत नाहीत. अहवालात 'डीएनए आढळला नाही' येतं, प्रत्यक्षात तो असतो. नमुना पातळ करून, पुन्हा धुऊन किंवा अल्ब्युमिन घालून परत चालवला की निघतो. २००० च्या आसपासचा नकारात्मक अहवाल म्हणून अंतिम मानू नये.

पिपेट

वरच्याला +१. लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणांत एक गोष्ट तपासाच्या फायद्याची असते. शुक्रपेशीचं डोकं चिवट, साध्या प्रथिनपाचकाने फुटत नाही. आधी पाचक घालून बाईच्या पेशी फोडून बाजूला काढायच्या, मग उरलेल्या गाळात डीटीटी हे रसायन घालून शुक्रपेशी फोडायच्या. एकाच बोळ्यातून दोन वेगळी प्रोफाइलं. जुने उकललेले खून बघाल तर त्यांत या प्रकारची प्रकरणं जास्त दिसतात, ती याचमुळे. नुसत्या हाताच्या स्पर्शाचा डीएनए इतका थोडा असतो की आकडे गळतात, नसलेले उगवतात.

शंकासुर

सगळे डीएनएची आरती ओवाळताय म्हणून दुसरी बाजू.

जर्मनीत १९९३ ते २००९ एकाच अनोळखी बाईचा डीएनए चाळीसेक ठिकाणी सापडत गेला. खून, चोऱ्या, घरफोड्या, पार ऑस्ट्रिया आणि फ्रान्सपर्यंत. २००७ मध्ये हाइलब्रॉनला पोलीस शिपाई मारली गेली, तिथेही तीच. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. शेवटी कळलं की ती बाई नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या कारखान्यात कामाला होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जंतू मेले तरी डीएनए जागेवरच राहतो. त्यानंतर २०१६ मध्ये डीएनएमुक्त साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे मानक आलं. काडीच्या पाकिटावर फक्त 'स्टराइल' आहे की हा क्रमांकही आहे, ते उलटतपासणीत विचारण्यासारखं.

दुसरं, कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये मयताच्या नखांखाली एका माणसाचा डीएनए निघाला. तो काही महिने तुरुंगात. खून झाला त्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात भरती होता. त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिकेतले दोघेच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. जुळणी शंभर टक्के खरी, अर्थ शंभर टक्के चूक.

आणि योगायोगही घडतात. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये ६ जागांच्या प्रोफाइलवरून एका आजारी माणसाला घरफोडीत धरलं. योगायोगाची शक्यता ३ कोटी ७० लाखांत एक असं सांगितलेलं. दहा जागा बघितल्यावर तो सुटला. लाखो प्रोफाइलांच्या साठ्यात एक नमुना फिरवला की लाखो तुलना होतात, हे त्या आकड्यात धरलेलंच नसतं.

मुद्देमाल_नोंदवही

म्हणून तर डीएनए कुठे सापडला हे कुणाचा सापडला याइतकंच महत्त्वाचं. लिनशॉपिंगमध्ये तो मारेकऱ्याने टाकलेल्या टोपीवर होता. बसच्या दांड्यावर असता तर कुणी विचारलं नसतं.

कलमबहाद्दर

चौथा प्रश्न माझा.

खुनाला मुदतीची अडचण नाही. गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत आहे ती ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना. आरोपी न सापडल्याने महाराष्ट्रात ज्या फाइली बंद होतात त्यांना 'अ समरी' मिळते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. अशी फाइल फेरतपासासाठी उघडता येते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३(८), आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) १९३(९). अटकेतल्या आरोपीचा नमुना त्याच संहितेच्या कलम ५१ खाली वैद्यकीय तपासणीत घेता येतो.

अडतं ते साठ्यापाशी. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. २०२२ च्या ओळख कायद्यात जैविक नमुने घेण्याची आणि नोंद ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद आहे, पण बोटांच्या ठशांसारखी देशभर फिरवता येईल अशी डीएनए-यादी त्यातून अजून उभी नाही. आपल्याकडे जुळणी होते ती संशयित आधी हाती असेल तर. कालिना, पुणे, नागपूरच्या प्रयोगशाळांत तुलनेसाठी कुणाचा तरी नमुना पाठवावाच लागतो.

वंशावळीचा मार्ग तर आणखी अवघड. त्या संकेतस्थळांवर बहुसंख्य अमेरिकेतले युरोपीय वंशाचे. आपल्याकडची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीत, अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. दोन माणसं चार-चार बाजूंनी नात्यात निघतात. मग १२० सेंटीमॉर्गन हे एका जवळच्या पूर्वजाचे की आठ लांबच्या पूर्वजांचे, हे कळत नाही. खापरपणजोबा, बरोबर ना?

खापरपणजोबा

बरोबर. तुकड्यांची लांबी बघून थोडं कळतं. जवळच्या नात्यात थोडे पण लांब पट्टे असतात, जातीअंतर्गत लग्नांत पुष्कळ पण तोकडे. १५-२० च्या खालचे सगळे गाळून उरलेल्यांवरच झाड रचायचं. कागदपत्रं आपल्याकडेही आहेत, कुलवृत्तांत आहेत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पण कुलवृत्तांतात लेकी बऱ्याचदा सासरचं नाव लिहून संपतात, त्यांची मुलं पुढे कुठे गेली याचा पत्ता नाही. खाली उतरायला निम्मी शिडीच नाही.

तपासवेडा

शेवटचं विचारतो. 'अ समरी' झालेल्या फाइलीत मयताच्या घरच्यांना काही करायचं असेल तर सुरुवात कुठून? पोलीस ठाण्यात अर्ज दिला की होतं का?

कलमबहाद्दर

अर्ज ठाण्यात द्याच, पोच घेऊन. पण आधी कोर्टातून कागद काढा. ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूर केली तिथून प्रमाणित नकला: एफआयआर, घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, प्रयोगशाळेचा सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट आणि समरीचा आदेश. समरी मंजूर करताना फिर्यादीला नोटीस काढावी लागते, ती निघाली होती का तेही बघून घ्या.

त्या आदेशात मुद्देमालाबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यात आधी वाचा. 'नष्ट करावा' असेल आणि केला असेल, तर पुढे डीएनएची वाट बंद. 'जपून ठेवावा' असेल तर मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक घेऊन वस्तू प्रत्यक्ष जागेवर आहे का याची लेखी विचारणा करा. मग सीए रिपोर्टमध्ये प्रत्येक वस्तूसमोर काय आहे ते बघा. 'मानवी रक्त, गट अनिर्णित' असं लिहिलेली वस्तू सर्वांत कामाची. तिच्यावर रक्त आहे हे सिद्ध झालंय आणि डीएनए कुणी बघितलेला नाही. 'नमुना तपासणीत संपला' असेल तर ती सोडा.

पुनर्तपासणीच्या अर्जात मोघम 'डीएनए करावा' लिहू नका. वस्तू क्रमांक, डागाची जागा, आधी झालेली चाचणी, आता कोणती हवी आणि तुलना कुणाच्या नमुन्याशी, इतकं हवं. मयताच्या सख्ख्या नात्यातल्या दोघांचे नमुने द्यायची तयारी लिहा. वस्तूवरचं मयताचं रक्त ओळखून वेगळं काढायला ते लागतात.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा कट्टवेल्लई ऊर्फ देवाकर विरुद्ध तमिळनाडू हा निकाल जोडा. डीएनए नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवणं, प्रत्येक हस्तांतराची नोंदवही, खटला सुरू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट न उघडणं, हे त्यात बजावलंय. जुन्या मुद्देमालाची तेव्हाची साखळी आता दुरुस्त होणार नाही. पण पाकीट आज उघडायचंच असेल तर पंचांसमोर, जुन्या सीलचे फोटो काढून उघडायला सांगा आणि वस्तू तिथल्या तिथे नव्या कागदी पाकिटात घालायला लावा. नाहीतर प्रोफाइल निघूनही 'मधल्या वीस वर्षांत याला कोण कोण हात लावून गेलं?' या एका प्रश्नावर खटला पडेल.

मुद्देमाल_नोंदवही

यात एकच भर. पाकीट उघडणाऱ्या प्रत्येकाचा, शिपायासकट, गालाच्या आतला नमुना त्याच दिवशी घेऊन ठेवायला सांगा. निघालेलं प्रोफाइल त्यांच्यापैकीच कुणाचं नाही ना, हे आधी वगळता येतं.